आधी मुसळ, मग कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आमच्या माजघरात इतकी मुरलेली आहे की ती कोणत्या धर्माची, असा प्रश्न आम्हांस कधी पडत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने हाच दाखला दिला आहे, आणि मराठी बायबलकारांनीही तो मराठीत उतरविताना कुसळ आणि मुसळ हेच दोन शब्द घेतले. दाखला लहान आहे. परंतु त्याचा अर्धाच भाग लोकांच्या तोंडी राहिला आणि उरलेला अर्धा गळून पडला, यामुळे फार मोठा अनर्थ झाला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याचा न्याय करू नका, एवढेच त्या दाखल्यात आहे असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. तेथे एक क्रम सांगितलेला आहे. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढावे. ते निघाले म्हणजे नीट दिसू लागते. आणि मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यास हात पुढे करावा. म्हणजे दोष दिसला तरी डोळे मिटून बसावे, असा हा उपदेश नव्हे. दोष काढावयाचाच आहे. मात्र ज्याने स्वतःवर हत्यार चालविले त्यानेच तो काढावा. हा क्रम उलटला की धर्माचे काय होते, हे गोमंतकाइतके दुसऱ्या कोणत्या भूमीने पाहिले असेल?

ख्रिस्ती परंपरेत आत्मपरीक्षणाची शिस्त नव्हती, असे कोणी म्हणू नये. ‘शनिवारी पाद्रीकडे पापे सांगावी आणि सोमवारी नवी करावी,’ अशी थट्टा आमच्या अग्रशाळेत ऐकू येते. ही थट्टा अज्ञानाची आहे. पापनिवेदनास बसलेल्या माणसाने स्वतःचे पाप सांगावयाचे असते; बायकोचे, भावाचे किंवा शेजाऱ्याचे नव्हे. हे वाटते तितके सोपे नाही. आपल्यापैकी कोणीही एक दिवस करून पाहावे. तिसऱ्या वाक्याला दुसऱ्याचे नाव ओठांवर येते.

चौथ्या शतकात मिसर देशाच्या वाळवंटात मोशे नावाचा एक तपस्वी राहत होता. एका बंधूच्या हातून अपराध घडला म्हणून इतर तपस्व्यांनी पंचायत बसविली आणि मोशेला बोलावणे धाडले. तो भोके पडलेले पाण्याचे भांडे खांद्यावर घेऊन आला. मागे पाण्याची धार लागलेली होती. हे काय, असे विचारता तो म्हणाला की, माझी पापे अशीच माझ्या पाठीमागे गळत आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याच्या पापाचा निवाडा करावयास आलो आहे. पंचायत तेथेच मोडली. त्याच शतकाच्या अखेरीस ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यात पोरवयात केलेली नासपतींची चोरी तो पुन्हा पुन्हा उलगडून पाहतो. भूक नसता केवळ दुष्टपणाच्या गोडीने आपण ती केली, हे कबूल करतो. पुढे सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांस दिवसातून दोनदा स्वतःची झडती घेण्यास शिकविले. जो दोष जिंकावयाचा तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके एका रेघेवर मांडावयाचे आणि कालची रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहावयाची. व्यापाऱ्याने कीर्द लिहावी इतक्या चोखपणे मनाचा हिशेब ठेवण्याची ही रीत होय.

हीच रीत शिकलेले इग्नेशियसचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यास उतरले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीविरुद्ध त्यांनी कडक पत्रे लिहिली, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे. परंतु त्यांनीच 1546 साली पोर्तुगालच्या राजास लिहून येथे धर्मन्यायालय स्थापावे अशी मागणी केली. ते 1552 साली वारले आणि न्यायालय 1560 साली आले. मध्यंतरीची 1774 ते 1778 ही वर्षे वगळता ते 1812 पर्यंत चालले. जुन्या गोव्यातील त्याच्या वाड्यास लोक ‘व्हडलें घर’ म्हणत. त्याच सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. ही कथा आमच्या वाचकांस पाठ आहे. ती पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही.

प्रयोजन आहे ते त्या न्यायालयाच्या रीतीकडे बोट दाखविण्याचे. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला 1673 साली दमणमध्ये धरून पुढे गोव्यास आणले. त्याची हकीकत 1687 साली छापून प्रसिद्ध झाली. आपल्या तोंडून काही अनुचित शब्द गेले असावेत अशी शंका येताच तो आपण होऊन दमणच्या धर्माधिकाऱ्याकडे गेला होता आणि सर्व सांगून मोकळा झाला होता. तरीही तो पकडला गेला. तुरुंगात त्याला आरोप सांगितला नाही, फिर्यादीचे नाव सांगितले नाही. तूच आपले मन तपास, तूच आठव, आणि तूच कबूल हो, असे त्याला सांगण्यात आले. त्या एकांतात त्याने जीव देण्याचाही यत्न केला. अखेर 12 जानेवारी 1676 या दिवशी त्याला इतर कैद्यांबरोबर मिरवणुकीने नेऊन शिक्षा ऐकविली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ‘आपले मन तपास’ हे शब्द मोशेच्या वाळवंटातले आहेत. माणूस ते स्वतःला म्हणतो तेव्हा ती साधना ठरते. तेच शब्द न्यायासनावर बसून दुसऱ्याला म्हटले, आणि म्हणणाऱ्याने स्वतःच्या मनाची झडती मात्र बंद ठेवली, की त्यांतून व्हडलें घर उभे राहते. हत्यार तेच; केवळ हात बदलला. आणि ज्याचे अंतःकरण दिसत नाही त्याची परीक्षा कशावरून करावयाची? तर स्वयंपाकघरावरून! 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांनी दारी तुळस लावू नये, मिठाविना भात शिजवू नये, लग्नात जुन्या ओव्या म्हणू नयेत, असे बजावले. देवाला जे हृदय कळावयाचे ते न्यायाधीशांनी भाताच्या तपेल्यात शोधले.

यावर काही ख्रिस्ती मित्र म्हणतात, ‘जुने झाले ते झाले, कोणाचा न्याय करू नका, असे प्रभूनेच सांगितले आहे.’ त्यांस आमचे नम्र परंतु ठाम उत्तर असे की, प्रभूचे वचन आपण उलटे धरले आहे. ते न्यायाधीशास उद्देशून होते. ज्याला जखम झाली त्याचे तोंड बंद करण्यासाठी नव्हते. स्वतः पोप दुसरे जॉन पॉल यांनी 12 मार्च 2000 रोजी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ताच्या अनुयायांनी वापरलेल्या असहिष्णु मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या प्रार्थनेत गोव्याचे नाव नव्हते. ते नाव कोकणी भाषेत, येथल्याच इगर्जीत, मोठ्याने घेतले जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. तेच त्यांच्या धर्माला धरून होईल.

इथवर वाचून आमचे देवस्थानातले बांधव माना डोलावतील, हे आम्ही जाणतो. आता त्यांच्याशी दोन शब्द.

व्हडल्या घराच्या बाकावर बसले ते लोक कोण होते? हिंदूंनाही त्या न्यायालयाने सोडले नाही, हे खरे. परंतु त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. परसात चोरून तुळस राखणारा, पूर्वजांच्या नावे गुपचूप पान ठेवणारा, आजीची ओवी न विसरणारा असा नवख्रिस्ती त्याच्या तावडीत सापडे. म्हणजे आज ज्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे आम्ही छळाचा हिशेब मागतो, तो बहुधा छळ करणाऱ्याचा वंशज नसून छळ सोसणाऱ्याचा वंशज आहे. फिरंगी न्यायाधीश आपल्या देशी परत गेला. त्याच्या कैद्याचा नातू येथे राहिला, आणि आम्ही त्यालाच न्यायाधीश समजून चौकशी आरंभिली!

दुसरे असे. 1928 साली मसूरकर महाराजांच्या प्रयत्नाने गोव्यातील हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू धर्मात परत आले. चार शतकांच्या वियोगानंतर भाऊ दारात उभा राहिला. आम्ही काय केले? त्याला ‘नवहिंदू’ असे वेगळे नाव दिले. रोटीबेटीव्यवहारात इतर हिंदूंनी त्याला सहजी जवळ केले नाही. ज्ञातीच्या गावड्यांनीही नाही. जो ख्रिस्ती राहिला त्याला म्हणावयाचे, ‘परत का येत नाहीस?’ आणि जो आला त्याला म्हणावयाचे, ‘तिकडे बैस.’ हे मुसळ नव्हे तर काय?

हे लिहिणाऱ्याचा डोळा तरी स्वच्छ आहे काय? नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जत्रेत वाड्यावरची एक वृद्ध ख्रिस्ती बाई देवीला नारळ घेऊन आली होती. ती दर वर्षी येई. त्या वर्षी नव्याने कारभार हाती आलेल्या एका गृहस्थाने तिला सर्वांदेखत विचारले, ‘तुमचा देव तिकडे, मग येथे कशाला?’ ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘आमचोय देव हांगाच आशिल्लो न्हय, बाब?’ मी हाताच्या अंतरावर उभा होतो. तिला मी लहानपणापासून ओळखत होतो. तिच्या घरचे दूध आमच्या घरी येई. मी एक शब्द बोललो नाही. पालखी निघण्याची वेळ झाली आहे, असे मनाशी म्हणून मी वळलो. ती नारळ तसाच घेऊन परत गेली. पुढच्या जत्रेस ती नव्हती. मी वादाला भ्यालो नव्हतो. चार प्रतिष्ठितांत आपला मान उणा होईल, याला भ्यालो होतो. हे कबूल करावयास मला इतकी वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात इन्क्विझिशनवर मी तीन व्याख्याने दिली!

कोणी म्हणेल, एका नारळाची आणि अडीच शतकांच्या छळाची तुलना करता काय? तुलना करीत नाही. तराजूत दोन्ही एक नाहीत, आणि ती एक आहेत असे म्हणणे मेलेल्यांचा अपराध ठरेल. परंतु त्यांच्या यातनांविषयी बोलण्याचा अधिकार आपण कशाच्या बळावर घेतो, हा प्रश्न उरतोच. मुसळ भरल्या डोळ्याने भूतकाळही नीट दिसत नाही. तेथेही माणूस आपल्या सोयीचे तेवढेच पाहतो.

म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू आजही तेल वाहतात आणि तिला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात. साध्या माणसांनी हे नाते न्यायालयालाही तोडू दिले नाही. ते तोडण्याचे काम आता सुशिक्षितांनी हाती घेऊ नये.

तेव्हा आमची सूचना अगदी व्यावहारिक आहे. महाजनांच्या येत्या सभेत परधर्मीयांचा विषय निघण्यापूर्वी एक प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा: आपल्या पंक्तीबाहेर, आपल्या गर्भकुडीच्या पायरीबाहेर, आपण आज कोणाला उभे केले आहे? नावानिशी उत्तर द्यावे आणि ते इतिवृत्तात लिहावे. त्यानंतर व्हडल्या घराविषयी जे बोलावयाचे ते निर्भयपणे बोलावे. मी त्या सभेस जाणार आहे, आणि माझ्यापुरते पहिले नाव त्या नारळवाल्या बाईचे सांगणार आहे.