डावी बाजू, उजवी बाजू

दहावीचा विज्ञानाचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा आम्ही तिघा मित्रांनी शपथ घेतली होती की, पुन्हा म्हणून रासायनिक समीकरणाचे तोंड पाहायचे नाही. आज आम्ही तिघेही कला शाखेत आहोत. "ती भानगड आपली नव्हे" असे येथे मोठ्या अभिमानाने बोलले जाते. मला मात्र हा अभिमान अलीकडे पटेनासा झाला आहे.

आमचे रान प्रवरेच्या पाटाखाली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाटाने ऊस आणला, सुबत्ता आणली. परंतु जेथे पाणी अति झाले आणि निचरा नव्हता, तेथे काळी जमीन चोपण झाली. आमचाही एक तुकडा तसाच. उन्हाळ्यात वर पांढरी खार फुटते. कोणी सांगितले म्हणून वडिलांनी दोन वर्षे जिप्सम टाकले. ऊस काही उभा राहिला नाही. "जिप्समच बोगस निघाले," म्हणून विषय मिटला.

गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीला समीकरणे समजावताना मी थबकलो. डावीकडे सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आमची खार आणि आमचे जिप्सम! उजवीकडे कॅल्शियम कार्बोनेट आणि सोडियम सल्फेट. कॅल्शियमचा भार दोन, सोडियमचा एक. म्हणून एका कॅल्शियमपायी दोन सोडियम सुटतात आणि सल्फेटशी जोडी जमवताना सोडियमखाली लहानसा २ लिहावा लागतो. मातीच्या कणांना चिकटलेले सोडियमही असेच सुटते. पण सुटते म्हणजे नाहीसे होत नाही. डावीकडे जेवढे होते तेवढेच उजवीकडे आहे, फक्त पाण्यात विरघळणारे झाले आहे. ते धुऊन चरावाटे बाहेर काढले नाही तर रानातच राहणार. आमच्या रानाला चरच नव्हता.

शाळेत आम्हाला संयुजा तिरप्या फिरवून सूत्र लिहिण्याची युक्ती शिकवली होती. तिने कॅल्शियम सल्फेटला दोन्हीकडे २ येतात, मग ते काटायचे. का काटायचे, हे आम्ही विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही. गुण मात्र मिळाले.

कोणी म्हणेल, त्यासाठी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. आहे ना! पण तेथील सल्ला घरात वाचून दाखवणार कोण? कॉलेजात जाणारा म्हणून वडील कागद माझ्याच हाती देतात. आपल्या प्राध्यापकांनी शास्त्र शाखेच्या सरांना सत्रातून एकदा तरी आमच्या वर्गावर आणावे, ही माझी विनंती आहे.

चर खणायचा तर तो शेजाऱ्याच्या बांधातून न्यावा लागेल. ते अजून होय म्हणत नाहीत.