दोष कुणाचा?

घरातली एखादी वस्तू बिघडली, की आपला पहिला संशय जातो तो दुरुस्त करणाऱ्यावर. मीही त्याच पंथातला! सातआठ वर्षे माळ्यावर पडलेला आमचा जुना अँप्लिफायर गणपतीच्या सुमारास दुरुस्त करून आणला. गाणे लावले आणि मला वाटले, तंबोऱ्याची जवारी हरवली, झांजेची धार गेली. मी तडक दुकान गाठले. चार गिऱ्हाइकांसमोर त्या दुरुस्तीवाल्याला म्हणालो, "आतले चांगले भाग तुम्ही काढून घेतलेत!" तो काहीच बोलला नाही. ते न बोलणेच मला पुरावा वाटले.

दसऱ्याला पुतण्या आला. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "काका, वाद कशाला? मोजून पाहू."

त्याने स्पीकर सोडवून त्याच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टन्स लावला. आवाज जाड-बारीक करणारी बटणे मध्यावर ठेवली. मोबाइलमधून एकेक सूर सोडायचा आणि पलीकडे किती व्होल्ट येतात ते लिहायचे. माणसाच्या कानाचा पल्ला २० ते २०,००० हर्ट्झ धरतात. चांगल्या अँप्लिफायरने या सगळ्या सुरांना सारखेच वाढवावे, कुणाला झुकते माप देऊ नये.

१,००० हर्ट्झला २ व्होल्ट आले. १०,०००ला मात्र सव्वा!

"सापडला चोर!" मी ओरडलो.

पुतण्याने शांतपणे मीटरच्या तारा थेट मोबाइलच्या तारांना लावल्या. तिथेही आकडा त्याच प्रमाणात घसरला! म्हणजे खोटे बोलत होता तो मीटर. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी घेतलेला साधा मीटर तो. इतक्या उंच सुराचे माप त्याला कसे जमावे?

दुसऱ्या दिवशी पुतण्याने मित्राचा ऑसिलोस्कोप आणला. २० पासून २०,००० पर्यंत व्होल्ट कुठेही १.९च्या खाली गेले नाहीत. ते १.४ पर्यंत उतरले असते, तर शक्ती निम्मी झाली असती. अँप्लिफायर निर्दोष सुटला.

मग स्पीकर जोडून त्याने १२,००० हर्ट्झचा सूर हलकेच लावला. नातीने झटकन कानांवर हात ठेवले. मी विचारले, "लावलास का रे?"

कुणी बोलले नाही. सौभाग्यवतीने नुसते माझ्याकडे पाहिले.

वय वाढते तसे वरचे सूर आधी जातात, आणि इतके हळू, की जाताना चाहूलही लागत नाही. आमचा अँप्लिफायर माळ्यावर होता, तेवढ्यात माझे गेले. मोजायला बसण्याआधी माप तपासावे, हे मीटरने शिकवले. पण माझा कान हेही एक मापच, हे कोण शिकवणार?

यंदा फराळाचा पहिला डबा त्या दुकानात जाणार आहे. चार गिऱ्हाईके असताना जाणार आहे. आरोप त्यांच्यासमोर केला, माफीही तशीच मागायला हवी. शिवाय मनात एक शंका आहे. त्या दिवशी तो दुरुस्तीवाला काही बोललाही असेल. मलाच ऐकू आले नसेल.