नवव्या दशांश स्थानावरील तफावत

व्यापारी पेढीवर वर्षअखेरीस रोकडवही आणि बँकेचा खातेउतारा समोरासमोर ठेवले जातात. दोहोंची शिल्लक जुळली नाही तर जुळवणीपत्रक तयार होते. तफावत दोन रुपयांची असली तरी जाणता मुनीम ती सोडून देत नाही. कारण दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून केवळ दोन रुपयांचा फरक दाखवीत असण्याचा संभव असतो. पदार्थविज्ञानात गेल्या पाव शतकात अशीच एक जुळवणी चालली आणि तिची कथा हिशेबाची चाड असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

विश्वातील मूलकणांची जी मान्य खतावणी आहे, तिला ‘स्टँडर्ड मॉडेल’ म्हणतात. तिच्यात सतरा प्रकारचे कण असून त्यांतील शेवटचा, हिग्ज बोसॉन, २०१२ साली जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत सापडला. ही खतावणी आश्चर्यकारक अचूक आहे, परंतु पूर्ण नाही. गुरुत्वाकर्षणाला तिच्यात पान नाही. न्यूट्रिनो या कणाला तिने वस्तुमान दिले नव्हते. पण ते असल्याचा पुरावा १९९८ साली जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दिला. विश्वाच्या एकूण ऐवजापैकी सुमारे पाच टक्केच ज्ञात पदार्थ आहे. सुमारे सत्तावीस टक्के कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे कोणास ठाऊक नाही. एवढी मोठी रक्कम उचंत खात्यात पडून असताना कोणता हिशेबनीस स्वस्थ बसेल?

नवे कण शोधण्याचा एक मार्ग म्हणजे प्रचंड ऊर्जेने कणांची टक्कर घडविणे. दुसरा मार्ग अधिक शांत आहे: एखादी ज्ञात गोष्ट इतक्या बारकाईने मोजायची, की अज्ञाताचा सूक्ष्म स्पर्शही आकड्यांत उमटावा. यासाठी म्युऑन हा कण निवडला गेला. तो इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण सुमारे २०७ पट जड. आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डोलतो. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार या डोलण्याचा गुणांक बरोबर २ यावयास हवा. प्रत्यक्षात तो किंचित अधिक भरतो. कारण पोकळी खऱ्या अर्थाने रिकामी नसते. तिच्यात क्षणमात्र उमटून विरणारे कण म्युऑनला हलकेच ढकलतात. निसर्गात जे जे कण आहेत, त्या साऱ्यांचा वाटा या वाढाव्यात येतो. म्हणून ज्ञात कणांचे वाटे काटेकोर मांडून केलेली बेरीज आणि प्रयोगातील मोजणी यांत फरक उरला, तर तो अज्ञात खातेदाराचा असू शकतो.

अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने २००१ साली असा फरक जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस असे दिसून आले, की सैद्धान्तिक गणितातील एका लहान रकमेचे चिन्हच उलटे पडले होते. जमेची रक्कम नावे पडावी तसे. ते दुरुस्त करताच फरक आकसला. मात्र पुढील मोजणीनंतर तो पुन्हा वर आला. आता मोजणीच अधिक बारीक करावयास हवी होती. नवे चुंबकीय कडे घडविण्यापेक्षा जुने नेणे स्वस्त, म्हणून २०१३ साली सुमारे पंधरा मीटर रुंदीचे ते कडे, त्यातील अतिवाहक वेटोळी न कापता, न वाकविता, न्यूयॉर्कजवळून शिकागोजवळील फर्मीलॅब येथे पोहोचविले गेले. समुद्र, नद्या आणि रस्ते असा तो प्रवास सुमारे पाच हजार किलोमीटरांचा होता.

फर्मीलॅबच्या शास्त्रज्ञांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले. मोजणीच्या घड्याळाची खरी वारंवारता प्रयोगाबाहेरच्या व्यक्तींनी ठरवून बंद पाकिटात ठेवली. विश्लेषण पूर्ण होईपर्यंत आपले उत्तर काय येणार, हे काम करणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते. अपेक्षेचा लोभ आकड्यांना शिवू नये, एवढाच हेतू. ७ एप्रिल २०२१ रोजी निकाल जाहीर झाला. दोन्ही प्रयोगशाळा मिळून मोजणी ०.००११६५९२०६, तर सिद्धान्ताची बेरीज ०.००११६५९१८१. असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता चाळीस हजारांत सुमारे एक होती. तरीही शोधाचा दावा झाला नाही. त्यासाठी ही शक्यता पस्तीस लाखांत एक इतकी कमी व्हावी, असा त्या शास्त्राचा दंडक आहे.

त्याच दिवशी ‘नेचर’ या नियतकालिकात दुसरा एक निबंध प्रसिद्ध झाला. सिद्धान्ताच्या बेरजेतील सर्वांत अवघड रक्कम जुन्या प्रयोगांच्या नोंदींवरून घेतली जात असे. युरोपातील एका गटाने ती महासंगणकावर मूळ नियमांपासून काढली, आणि तिच्यानुसार फरक बराच घटला. २०२३ साली रशियातील नोवोसिबिर्स्क येथील नव्या मोजणीनेही जुन्या नोंदींशी असहमती दर्शविली. म्हणजे रोकडवही आणि उतारा यांत तफावत होतीच. पण आता उताऱ्याच्याच दोन प्रती एकमेकींशी जुळेनात.

२०२५ साली शंभराहून अधिक सिद्धान्तशास्त्रज्ञांनी संगणकीय पद्धतीवर आधारित नवी बेरीज मांडली: ०.००११६५९२०३३. जूनमध्ये फर्मीलॅबचा अंतिम आकडा आला: ०.००११६५९२०७०५, अचूकता एक अब्जात १२७ भागांची. दोहोंतील अंतर आता अनिश्चिततेच्या मर्यादेत बसते. नव्या कणाची चाहूल या वाटेने तरी आज ऐकू येत नाही.

ज्यांनी या कामी उमेदीची वर्षे वेचली, त्यांचे श्रम वाया गेले काय? हिशेब जाणणारा तसे म्हणणार नाही. तफावत निघाली म्हणजे चोर सापडला असे नव्हे, आणि ती मिटली म्हणजे तपासनीस हरला असेही नव्हे. स्याद्वादाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला प्रत्येक आकड्यापुढचे ‘अधिक-उणे’ परके वाटू नये. आमच्या शास्त्रांत हे पूर्वीच होते, असे म्हणण्याचे मात्र कारण नाही. आपले विधान कोणत्या मर्यादेत खरे आहे हे आधी सांगणे, ही वृत्ती तेवढी ओळखीची आहे.

जुळवणीपत्रक अद्याप बंद झालेले नाही. जुन्या नोंदी आणि नोवोसिबिर्स्कची मोजणी यांत अंतर का पडते, याचे कारण सापडावयाचे आहे. जपानमध्ये वेगळ्याच पद्धतीने म्युऑन मोजण्याची तयारी चालू आहे. बेरीज जुळली म्हणून वही मिटण्याऐवजी, ती कोणत्या कारणाने जुळली हे पाहणारे लोक अजून कामावर आहेत.