घर कुणाचे, डागडुजी कुणाची?

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील मानेसर हे नाव मारुतीच्या कामगारांच्या २०११ सालच्या संपामुळे देशभरच्या कामगार चळवळीला परिचित झाले. २०२० च्या डिसेंबरात येथे महानगरपालिका स्थापन झाली. आज कारखान्यांच्या शेजारी बहुमजली वसाहती उभ्या आहेत, आणि त्यांत आयुष्यभराची पुंजी ओतून, बँकेचे कर्ज काढून घर घेतलेला नोकरदार राहतो. देखभालीच्या नियमांची चर्चा त्याच्यासमोर नेहमी एकाच स्वरात होते : आकार वेळेवर भरा. बिल्डरचे कर्तव्य काय, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते.

ही कर्तव्ये कायद्यात स्पष्ट आहेत. हरियाणाच्या १९७५ च्या नागरी क्षेत्र विकास कायद्यानुसार पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून पाच वर्षे वसाहतीतील रस्ते, मोकळ्या जागा आणि उद्याने यांची देखभाल वसाहतकर्त्याने करावयाची आणि नंतर ती विनामूल्य शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करावयाची आहेत. २०१६ चा स्थावर संपदा कायदा सांगतो की, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळून तो निदर्शनास आणला गेल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दूर करावा. बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत रहिवाशांची संघटना उभी राहील, हे पाहणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. ती संघटना कारभार हाती घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी आकारात पुरविण्याची जबाबदारी त्याचीच.

या तरतुदी कागदावर राहिल्या तर काय घडते, हे गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील चिंटल्स पॅरेडिसो वसाहतीत १० फेब्रुवारी २०२२ रोजी दिसले. सहाव्या मजल्यावरील छत कोसळले, खालच्या मजल्यांची छते त्याबरोबर पहिल्या मजल्यापर्यंत आली आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. दिल्लीच्या आयआयटीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले. क्लोराइडमुळे आतील लोखंडी सळया गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फुटते. मुंबईच्या महापालिका कायद्याने तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक केली आहे. येथे इमारत दहा वर्षांचीही नव्हती. दोष इमारतीच्या वयात नव्हता, तो बांधकामातच होता. रहिवाशाने नियमित भरलेल्या आकाराने असा दोष बरा होत नाही.

मानेसरात तर जमिनीपासूनच हाच न्याय आहे. मानेसर, नौरंगपूर आणि लखनौला या गावांतील ९१२ एकर जमिनीच्या संपादनाची अधिसूचना २७ ऑगस्ट २००४ रोजी निघाली. संपादनाच्या धास्तीने शेतकऱ्यांनी कवडीमोलाने जमिनी बिल्डरांना विकल्या आणि २००७ साली शासनाने संपादनच मागे घेतले. १२ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा व्यवहार सत्तेचा कपटपूर्ण वापर ठरविला. ज्या भांडवलाला जमीन अशा मार्गाने मिळते, ते भिंतीतील भेगा स्वेच्छेने बुजवील, ही अपेक्षा भाबडी आहे.

काही साथी म्हणतात की, घरमालकांचे गाऱ्हाणे हा मध्यमवर्गीय प्रश्न आहे. पक्षाचे त्यात काय काम? एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना कामगाराला घराचा मालक करून त्याची मुक्तता होईल, या कल्पनेचे खंडन केले, हे खरे. परंतु हप्त्याने बांधला गेलेला नोकरदार आणि अलियर, कासन, नाहरपूर या गावांतील भाड्याच्या खोलीत दाटीने राहणारा कंत्राटी कामगार, दोघांनाही एकच नफेखोरी लुटते. फरक एवढाच की, नोकरदाराजवळ निदान कायद्याचे कलम आहे. कामगाराजवळ बहुधा भाड्याची पावतीही नसते. गळके छत आणि उघड्या वीजतारा यांविरुद्ध तक्रार केली तर खोली जाण्याची भीती तेवढी असते.

महाराष्ट्राचा अनुभव येथे उपयोगी आहे. मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या मुंबईतील जुन्या चाळींची दुरुस्ती १९६९ च्या कायद्याने उपकराच्या आधारे सरकारी मंडळाकडे आली. मंडळ अपुरे पडले, इमारती कोसळतच राहिल्या. तरीही निवाऱ्याची डागडुजी ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. मानेसरला या तत्त्वाचीच गरज आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक बहुमजली वसाहतीची संरचनात्मक तपासणी बिल्डरच्या खर्चाने, परंतु त्याने न नेमलेल्या तज्ज्ञांकडून व्हावी आणि तिचा अहवाल रहिवाशांना मिळावा. देखभाल निधीचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडला जावा. कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांची महापालिकेने नोंद करून छत, वीज, पाणी आणि शौचालय यांची तपासणी करावी. तिचा भार भाडेकरूवर पडू नये आणि तक्रार करणाऱ्याला खोलीबाहेर काढण्यास मनाई असावी. जेथे आपले सभासद वसाहतीत राहतात, तेथे त्यांनी ताब्याची तारीख पाहून पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी दोषांची लेखी नोंद बिल्डरकडे द्यावी आणि संघटनेच्या सभेत शेजारच्या गावातील भाडेकरूंचा प्रश्नही मांडावा. सदनिकाधारक आणि भाडेकरू एकत्र आले तरच या मागण्यांना बळ येईल. वेगवेगळे राहिले तर दोघांच्याही डोक्यावरचे छत बिल्डरच्या आणि खोलीमालकाच्या मर्जीवर राहील.