ऑटोमॅटिक गाडीला पुढचं वळण दिसत नाही

स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल. आहुप्याच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात शनिवार-रविवारी ब्रेकचा जो जळका वास सुटतो, त्याला एक वाक्य जबाबदार आहे. "ऑटोमॅटिक आहे, गिअरकडे बघायचंच नसतं." शोरूमवाला हे गाडी विकताना बोलतो. गाडी घेणारा तेच मेव्हण्याला सांगतो. आणि मग पाच माणसं भरून गाडी डिंभ्याहून वर येते. चढते व्यवस्थित, त्याबद्दल तक्रार नाही. माझं भांडण उतरण्याशी आहे.

आपल्या तालुक्यातल्या माणसांना हा रस्ता सांगायला नको. घोडेगाव सोडलं, डिंभे धरण मागं पडलं की एका अंगाला हुतात्मा बाबू गेनू सागराचं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर. पुढं चढ, वळणं, अरुंद डांबर आणि जुलै-ऑगस्टात बोनेटच्या पुढं काही दिसू न देणारं धुकं. वर आहुपे, कड्यावरून खाली मुरबाडचा मुलूख, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. लोक बघायला येणारच, आणि यावंच. नुसत्या भातावर आणि हिरड्यावर वर्ष निघत नाही. जेवणाची चार ताटं गेली, दोन खोल्या लागल्या तर गावाला पैसा होतो.

पण त्याच रस्त्यावरून शाळेची पोरं चालतात, म्हशी चालतात, लावणीला निघालेल्या बाया चालतात. अपघात झालाच तर ग्रामीण रुग्णालय घोडेगावला, त्याहून मोठं मंचरला. त्यामुळं तुमचा ब्रेक हा फक्त तुमचा विषय राहत नाही.

आता साधा हिशेब. माणसांसकट १३०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरली असं धरा. त्यातून निघणारी ऊर्जा साधारण ३८ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत १२ लिटर थंड पाणी उकळीला येतं. म्हणजे जवळजवळ हंडाभर पाणी. थोडी ऊर्जा हवा खाते, थोडी टायर खातात. उरलेली इंजिनानं घ्यायची किंवा ब्रेकनं. तिसरा वाटेकरी नाही. इंजिनाला वाटा दिला नाही तर सगळा हंडा चार चाकांच्या ब्रेकवर उकळणार.

ब्रेक तापले की आधी पॅडची पकड कमी होते. मग उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पुरेसं ओलं झालं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळं पाय दाबला तरी दाब चाकापर्यंत पोचत नाही. पेडल सरळ खाली जातं. बातमीत आम्ही लिहितो, 'ब्रेक फेल झाल्यानं अपघात'. पुष्कळदा ब्रेक फेल झालेला नसतो, वरपासून खालपर्यंत पाय ठेवून तो शिजवलेला असतो.

ऑटोमॅटिकमध्ये हे जास्त का होतं, तेही समजून घ्या. 'डी'मध्ये गाडी आपल्या पायावरून अंदाज घेते. ॲक्सिलरेटर सोडला की तिला वाटतं, ताकद नको आहे, आणि बऱ्याच गाड्या वरचा गिअर टाकतात. सपाट रस्त्यावर ते बरोबर, पेट्रोल वाचतं. उतारावर वरच्या गिअरात इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही. गाडी पळते, माणूस ब्रेक दाबतो, सोडतो, ती परत पळते. खाली येईपर्यंत हाच खेळ.

यावरचा उपाय तुमच्या उजव्या… नव्हे, डाव्या हाताखालीच आहे. दांडा 'डी'मधून 'एम'कडे न्या. तिथं अधिक आणि वजा अशा खुणा असतात. वजा म्हणजे खालचा गिअर. काही गाड्यांत वजा पुढं ढकलून लागतो, काहींत मागं ओढून, हे घरासमोरच बघून घ्या, घाटात नको. सीव्हीटी गाडीत 'एल', 'एस' किंवा 'बी' असेल, काहींत स्टिअरिंगमागं पट्ट्या असतात. इलेक्ट्रिक गाडीला असे गिअर नसतात, तिथं ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत घेण्याची पातळी वाढवायची. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही सोय फार कमी होते, हे लक्षात ठेवा.

उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा आणि दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. ब्रेकला पाय न लावता गाडी वेग वाढवत असेल तर आणखी एक खाली या. ब्रेक लागेल तिथं नीट दाबा आणि पूर्ण सोडा, सतत घासत ठेवू नका. रस्ता ओला असेल तर एकदम दोन गिअर पाडू नका, चाकं घसरतात.

"असं केलं तर इंजिन फाटेल, गिअरबॉक्स जाईल," असं सांगणारे गावोगाव भेटतात. गाडीतला संगणक एवढा बावळट नाही. इंजिनाला झेपणार नाही असा गिअर तुम्ही मागितला तर तो देतच नाही. इंजिनाचा आवाज वाढेल, घाबरू नका. गाडी धरली जातेय, त्याचा तो आवाज.

दुसरे हुशार उतारावर न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचवायला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजेक्टर पेट्रोल सोडायचं थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे जीवही धोक्यात आणि वाचलं काहीच नाही. इंजिन बंद करून सोडणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरची मदत संपते, पेडल दगड होतं आणि स्टिअरिंग जड. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकनं सुमारे ४८ गाड्या चिरडल्या. उतारावर इंजिन बंद करून ट्रक सोडल्याचं प्राथमिक तपासात पुढं आलं होतं. ट्रक मोठा, मोटार लहान. पण उतार दोघांना सारखाच ओढतो.

आता काही जुने ड्रायव्हर खूश होऊन म्हणतील, "म्हणूनच सांगतो, ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी, घाटात आणूच नये." त्यांच्याशीही माझं पटत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, ज्या बाईला घरात कुणी क्लच शिकवला नाही तिला, चाकणच्या जाममध्ये रोज दोन तास घालवणाऱ्याला या गाडीनं मोकळं केलं. २०१४ ला सेलेरिओपासून स्वस्त एएमटी आली आणि ऑटोमॅटिक आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. हे चांगलंच झालं. आणि मॅन्युअल गाडी टॉप गिअरात उतरवून ब्रेक जाळणारेही मी डिंभ्याच्या चहाच्या टपरीवर पाहिलेत. चाकावर पाणी ओतत उभे असतात बिचारे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

काही जण म्हणतील, नव्या गाड्या उतार ओळखतात, गिअर स्वतः धरतात. खरंय, काही धरतात. पण गाडीला उतार कळतो तो उतारावर आल्यावर. वळणापलीकडची एसटी, धुक्यातली म्हैस, वाहून आलेली माती तिला दिसत नाही. ती तुम्हाला दिसते किंवा तिचा अंदाज तुम्हाला असतो. म्हणून गिअर तुम्ही निवडायचा.

एसटीच्या ड्रायव्हरांना विचारा. त्यांचा जुना नियम आहे, ज्या गिअरात चढलो त्या गिअरात उतरायचं. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, ते बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळंच. हे खोरं रोज बघणारी माणसं आहेत ती. त्यांचा नियम ऑटोमॅटिकलाही जसाच्या तसा लागू आहे, फक्त हात दांड्यावर न्यायचा आहे.

आणि हा नुसता अनुभवाचा नियम नाही, कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १५. लायसन्सच्या चाचणीत उमेदवारानं उतारावर पटकन खालच्या गिअरात यायला हवं, असं तिथं लिहिलंय. दुचाकीत बिनगिअरची आणि गिअरची असे वेगळे वर्ग आहेत. मोटारीत नाहीत, एकच लायसन्स दोन्हीला चालतं. म्हणजे ज्यानं 'एम'ला कधी हातही लावला नाही, तोही थेट आहुप्याला यायला मोकळा. नियम कागदावर, वास घाटात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

शोरूमवाल्यांनो, चावी देताना पेढ्याचा बॉक्स आणि फोटो ठीक आहे. दहा मिनिटं काढून 'एम' वापरून दाखवा. पुण्यातल्या एका शोरूममध्ये मी विचारलं, हा 'एम' कशासाठी? उत्तर आलं, "सर, ते स्पोर्टी फीलसाठी." वाहतुकीत पुढं काढायला तो कामाला येतो, कबूल. पण घाटाचं नाव त्या पोरानं घेतलं नाही, कारण त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

आरटीओ साहेब, आपला सगळा भाग एमएच १४ चा. माळशेज, भीमाशंकर, आहुपे, सगळे चढउतार याच पट्ट्यात. चाचणीला उमेदवार ऑटोमॅटिक घेऊन आला तर त्याला उतारावर गिअर पाडून दाखवायला लावा. नवा कायदा नको, आहे तो वापरा.

सार्वजनिक बांधकाम खात्यानं आहुप्यातून उतार सुरू होतो तिथं पाटी लावावी. 'गाडी लो गिअरमध्ये चालवा' एवढं पुरत नाही. ऑटोमॅटिकवाल्याला वाटतं, ही सूचना दुसऱ्या कुणाला आहे. पाटीवर सरळ लिहा: 'ऑटोमॅटिक गाडी असेल तर एम, एल किंवा एस.' एका पाटीला असा किती खर्च येतो?

पाटी लागेपर्यंत हे काम आपणच करायचं. आहुप्यात ज्यांच्या घरी पाहुणे जेवायला, राहायला येतात त्यांनी निघताना एवढंच विचारावं, "दादा, ताई, ऑटोमॅटिक आहे का? मग एममध्ये टाकून उतरा." आणि तुमच्या ओळखीत कुणी नवी ऑटोमॅटिक घेतली असेल, तर येत्या शनिवारच्या आधी ही पोस्ट त्याच्यापर्यंत पोचवा.