वाचनालयाचे कुलूप उघडा!



सारे मोबाईलवर आले, आता वाचनालये कशाला, असे शहाणी मंडळी विचारतात. आम्ही उलट विचारतो, मोबाईलवर आले ते कुणाच्या हाती आले?

२०१७ ची कर्जमाफी ऑनलाईन अर्जावर आली. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवर करायची झाली. २०२५ पासून हमीभावाने सरकी-कापूस द्यायचा तर आधी ॲपवर नोंदणी. शिवारात रेंज नाही, शिकलेले पोर शहरात. मग पाय वळतात दुकानाकडे. पैसे मोजायचे, आणि दुसऱ्याने भरलेला अर्ज न वाचताच यंत्रावर अंगठा टेकवायचा. बापजाद्यांचा अंगठा सावकाराच्या वहीवर होता. फरक काय पडला?

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याखाली गावच्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळते. तो पैसा तुमचा-आमचा. पण कित्येक ठिकाणी दाराला कुलूप, नाहीतर आत चार जुनी पुस्तके.

पुस्तके काढा असे आम्ही म्हणत नाही. सातबारा वाचणे, विम्याची अट वाचणे, हेही वाचनच. तिथे संगणक हवा, छपाईचे यंत्र हवे, समजावून सांगणारा माणूस हवा. त्या माणसाला पोटापुरता पगार हवा. कापूस-ज्वारीचे भाव रोज दाराच्या फळ्यावर हवेत. आणि दार संध्याकाळी, आपण रानातून परतल्यावर उघडे हवे.

ग्रामसभेत हा ठराव मांडा. अनुदानाचा हिशेब मागा. न वाचता अंगठा देणे आता बंद!