मेंढा-लेखाचा बांबू आणि वसईची बावखले

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्याशा गावाला वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तो २००९ साली. परंतु १९२७च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. त्या आधारे वनखाते बांबू विकू देईना. वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडावे लागले. हक्क मिळूनही घोडे अडले ते परवान्यापाशी!

तेथील ग्रामसभेत बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असला तर पुन्हा चर्चा होते. ही रीत वेळखाऊ खरी. पण स्वतः मान्य केलेला नियम मोडणे माणसाला जड जाते, असे आम्हांस वाटते.

त्याच २००९ साली आपल्या वसईत महानगरपालिका आली आणि तीत समाविष्ट झालेल्या गावांच्या ग्रामसभा संपुष्टात आल्या. बागायतीला पाणी देणारी, विहिरींचे झरे जिवंत ठेवणारी आपली बावखले ग्रामसभा असतानाही बुजत होती, हे आम्ही नाकारीत नाही. बावखल एखाद्याच्या मालकीचे असेल, भूगर्भातील पाणी मात्र साऱ्या आळीचे असते. आज शेजारच्या वाडीतील बावखलात भरावाचा ट्रक रिकामा होऊ लागला, तर गावाने एकत्र बसून ‘नको’ म्हणावे ते कोठे?